सटवाईचं ताट

धुरपताबाईनं आपल्या हातानं वळलेले डिंकाचे लाडू रोज दिवस मावळायच्या आत दुसऱ्याच्या हवाली करायचे, आणि तेही आश्रुबाच्या, हे तिला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पटलं नव्हतं तरी ती करत होती, कारण सगळा तळ तसंच करत होता. पण टोपली पुढं सरकवताना तिचा चेहरा असा व्हायचा, की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या गळ्यातलं डोरलंच कुणीतरी मागायलंय.

तळ म्हणजे तुरकाट्यांच्या, तुरीच्या वाळल्या काटक्यांच्या, चाळीसेक झोपड्या. निजामाच्या अमलातलं, फसली तेराशे पंचेचाळीसचं साल होतं. पौषात गावात उंदीर पडायला लागले. एक कणगीमागं, एक चुलीपाशी, आणि तिसरा भर देवळात. प्लेगची ती खूण पोराटोरांनाही ठाऊक होती. तहसिलीतून हुकूम येईपर्यंत थांबायला कुणाला वेळ होता? दोन दिवसांत गाव मोकळं झालं. एरवी लोक गावालगतच्या रानात झोपड्या घालायचे. पण यंदा तिथल्या बांधावरही मेलेले उंदीर सापडले. म्हणून गाड्या जुंपून सगळे दोन कोस लांब, राणीसावरगावच्या अंगाच्या डोंगरापाशी येऊन राहिले. तिथं एक जुनी विहीर होती, ओढ्याला पाणी होतं आणि उंदीर नव्हते. अस्वलं होती, पण ते नंतर कळलं.

धुरपताबाईचा नवरा बन्सीधर ज्वारीच्या राखणीला खळ्यावरच राहिला होता. त्यामुळं झोपडीत ती आणि तिची लेक कावेरी, दोघीच. कावेरी पहिलटकरीण, नववा महिना लागलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवाळीपासून धुरपताबाईनं डिंक, खारीक, खोबरं, तूप असं एकेक जमवून ठेवलं होतं. गाव सोडताना तिनं भांडीकुंडी मागं टाकली, पण त्या सामानाचं गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसली.

तळावर येऊन तिसराच दिवस. माणिकराव पाटलांनी गावाकडच्या रिवाजानं आपल्या झोपडीमागं छोटं पेव खणून घेतलं होतं. त्यात गूळ, पीठ आणि काकवीचा घडा ठेवून वर माती लोटली, शेणानं सारवलं. पाटलांची अक्कल काही चुकीची नव्हती. पेवातलं धान्य चोराला दिसत नाही, आगीत जळत नाही, आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. पण अस्वलाचा सगळा जन्म वारुळं उकरण्यात जातो, त्याला पाटलांचं पेव कितीसं खोल? सकाळी बघतात तर खड्ड्याच्या दुप्पट खड्डा, घड्याच्या खापऱ्या, आणि ओल्या मातीत माणसासारखी पावलं. फक्त बोटांच्या पुढं लांब नखांच्या रेघा. पाटलीण कस्तुराबाई त्या खड्ड्यापासून पाच हातांवर निजल्या होत्या. त्यांची दातखीळच बसली.

तेव्हा आश्रुबा पुढं आला. एरवी तो पुढं येणाऱ्यातला नव्हे. साठीचा एकटा माणूस, पुतण्याच्या शेतातल्या आखाड्यावर राहायचा. त्याच्या तोंडाची डावी बाजू अस्वलानं नेली होती. डोळा नाही, गाल ओढून कानाकडं गेलेला. सदा तोंडावरून पंचा घेऊन असायचा. जवानीत डोंगरात मोहळ झाडायला गेला आणि त्याच मोहळावर आलेल्या अस्वलाशी त्याची झोंबाझोंबी झाली, हे तोच सांगत आला होता, आणि इतक्या वेळा, की गावातल्या पोरांना ते पाठ होतं. पोरं ऐकायची, पण मोठी माणसं सकाळी त्याचं तोंड बघायची नाहीत, आणि गरवारशी बाई तर वाटेत तो दिसला की पाठ फिरवायची.

"खणून ठेवलं तर ते उकरतंय," आश्रुबा म्हणाला. "झाडाला शिंकं टांगलं तर झाडावर चढतंय. झोपडीत ठेवलं तर झोपडीत यायलंय, आन मंग मधी कोन निजलंय ते बघत न्हाई. त्याला डोळ्यानं कमी दिसतंय. नाकानं समदं कळतंय."

"मंग काय उपाशी मरावं?" पाटील चिडून बोलले.

"उपाशी कामून? मोट हाय की आपल्यापशी."

जुन्या विहिरीवरचा मोटेचा नाडा आणि चाक त्यानं काढून आणलं. ओढ्याकाठी, झोपड्यांपासून शंभर पावलांवर, दोन उंच कडूलिंबं होती. त्या दोन्हींच्या मध्ये त्यानं एक जाड दोरखंडाचा सोल ताणून बांधला, सोलाच्या मधोमध चाक अडकवलं आणि चाकावरून नाडा सोडला. विहिरीतून मोट ओढावी तशी आता ती आभाळाकडं ओढायची. संध्याकाळी प्रत्येक घरची टोपली नाड्याला लागायची, ज्याची त्याची चिंधी बांधलेली, आणि दोन पुरुष उंचीवर जाऊन लोंबायची. अस्वल झाडावर चढलं तरी सोलावरून चालत थोडंच येणार? स्वयंपाक तिथंच, जेवण तिथंच, भांडी राखेनं घासून पाणी ओढ्यात. दिवस मावळला की झोपडीत गुळाचा खडासुद्धा नको. लोकांनी त्याला आश्रुबाची मोट असं नाव पाडलं. आणि खरंच, त्यानंतर अस्वलाची पावलं ओढ्यापाशी दिसायची, लिंबाच्या बुंध्यावर ओरखडे दिसायचे, पण झोपड्यांकडं ते फिरकलं नाही.

सहाव्या दिवशी कावेरी बाळंत झाली. मुलगा. धुरपताबाईचा आनंद गगनात मावेना, आणि त्याच घडीपासून तिचा जीव टांगणीला लागला.

आश्रुबा रोज संध्याकाळी यायचा, झोपडीपासून वीसेक पावलांवर थांबायचा, आपणहून पाठ फिरवायचा आणि म्हणायचा, "वैनी, टोपली." धुरपताबाई दारात पदर पसरून उभी राहायची, आतून कावेरीला त्याचं ओझरतंही दर्शन होऊ नये म्हणून. टोपली जमिनीवर ठेवायची आणि मागं सरायची. ओल्या बाळंतिणीला रात्री भूक लागली तर काय द्यायचं, म्हणून पुटपुटायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

इथवर ठीक होतं. पण पाचवी जवळ आली तशी ती सारखी दिवस मोजायला लागली.

पाचवीला सटवाई येते आणि लेकराचं नशीब कपाळावर लिहून जाते. तिच्यासाठी पाटा मांडायचा, दिवा लावायचा, कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, आणि लेकराच्या उशाला गोडाधोडाचं ताट ठेवायचं ते सकाळपर्यंत हलवायचं नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक. पण धुरपताबाईला जे ठाऊक होतं ते दुसऱ्या कुणाला नव्हतं.

कावेरीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्याच्या पाचवीला रात्री तिचा डोळा लागला, आणि दाराच्या फटीतून कुत्रं शिरून ताट चाटून गेलं. आठव्या दिवशी पोर गेलं. सासू रडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "सटवाई उपाशी गेली." पुढं मरेपर्यंत तिनं ते एकच वाक्य जपून ठेवलं होतं, आणि भांडण कशावरूनही निघालं तरी शेवटी ते बाहेर यायचं. भाजी करपली, सटवाई उपाशी गेली. सासू जाऊन बारा वर्षं झाली, पण वाक्य काही गेलं नाही. कावेरी व्हायला त्यानंतर सहा वर्षं लागली होती.

पाचवीच्या आदल्या दिवशी तीच आपणहून लिंबाखाली गेली. आश्रुबा नाड्याला तेल लावत होता. तिला बघून त्यानं घाईनं पंचा वर ओढला.

"भावजी, उद्या पाचवी हाय."

"हाय ना. ध्यानात हाय माझ्या. दिवस हाय तवर पूजा करून घ्या. मंग ताट मोटंत घालू."

"सटवाई रातीला येती."

"येऊ द्या की. देवाला दोन पुरुस चढायचं काय जड हाय? वरचं घेईल ती."

"थट्टा करू नका. ताट उशालाच पायजे. आमच्यात तसंच हाय."

आश्रुबाचे हात थांबले. "वैनी, झोपडी तुरकाट्याची हाय. त्या जनावरानं नुसतं अंग घासलं तरी आत येतंय. तूप, गूळ, खोबरं... आन उशाला पाच दिसाचं लेकरू. तुमी काय मागायलाव ते तुमाला तरी कळायलंय का?"

"मला समदं कळतंय," धुरपताबाईचा आवाज चढला. "तुमाला लेकरू न्हाई न् बाळ न्हाई. तुमाला काय कळंल?"

बोलून गेली आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत येत नाही. आश्रुबानं पुन्हा नाड्याला तेल लावायला घेतलं, आणि ती तशीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी उन्हं असतानाच तिनं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, पाच लाडू, भात आणि तुपाची वाटी असं ताट वाढलं. कावेरीनं लेकराला घेऊन हात जोडले. संध्याकाळी आश्रुबा वीस पावलांवर येऊन उभा राहिला. "वैनी, टोपली. आन ताट."

धुरपताबाईनं ताट वर फडकं झाकून दिलं. फडक्याखाली भात होता, वाटी होती आणि पाच गोळे होते. ज्वारीच्या पिठाचे. वरून तुपाचा हात फिरवलेले, म्हणजे वासही यावा. खरे पाच लाडू एका धडप्यात बांधून तिनं लेकराच्या उशाखाली सारले होते. आयुष्यात तिनं पहिल्यांदा कुणाला असं फसवलं, आणि फसवलं ते ज्याच्याशी कधी धड बोलली नाही त्या माणसाला. त्यानं फडकं उचलूनसुद्धा बघितलं नाही. हे तिला पुढं फार लागलं.

रात्रभर ती दिव्यापाशी बसून राहिली. पान हललं तरी तिला वाटायचं, अस्वल आलं. पान हलायचं थांबलं की वाटायचं, सटवाई आली. दोघांतलं कोण आधी येईल याचाच तिला घोर लागला होता. मधूनच ती उशीखाली हात घालून लाडू मोजायची. पाच. लेकराच्या नाकाशी हात धरायची. श्वास चाललेला. कोंबडा आरवला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. झालं, निभावलं, आता उजाडतंयच, असं म्हणून तिनं कुडाला पाठ टेकली. आणि बावीस वर्षांपूर्वी लागला होता तसाच तिचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. लोहाराचा भाता चालावा तसं कुणीतरी जोरानं हवा ओढत होतं आणि सोडत होतं. कुडाच्या पलीकडून. तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून.

बाहेर फटफटायला लागलं होतं. तुरकाट्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा आत येत होत्या आणि त्यातल्या चार-पाच रेघा बुजल्या होत्या. काहीतरी काळं तिथं टेकलं होतं. ते सरकलं. लेकराच्या उशाकडं सरकलं. एक तुरकाटी कडकन मोडली. मग दुसरी.

ओरडावं, तर अस्वल बिथरून आत घुसणार. गप्प बसावं, तर तुरकाट्या किती वेळ टिकणार? तिला आश्रुबाचा शब्द न् शब्द आठवला. नाकानं समदं कळतंय. मधी कोन निजलंय ते बघत न्हाई. तिनं उशीखालचं गाठोडं ओढून काढलं. धडपं तुपानं ओलं झालं होतं. हात पुढं नेला तर लेकराचं दुपटंही ओलं. लाडवांचं तूप ओघळून दुपट्याच्या घडीघडीत मुरलं होतं. म्हणजे रात्रभर तिनं आपल्या नातवालाच ताटात वाढून ठेवलं होतं.

तिनं दुपटं सोडवलं. लेकरू कुरकुरलं, बाहेरचा भाता क्षणभर थांबला. तिनं आपल्या लुगड्याचा पदर टरकन फाडून लेकराला त्यात गुंडाळलं आणि कावेरीच्या कुशीत खुपसलं.

"माय, काय झालं?"

"गप. छातीशी धर. कुडापासून लांब सर. आवाज करू नको."

कावेरीनं आईच्या हातातलं गाठोडं बघितलं आणि लेकराला छातीशी धरून मागं सरली.

धुरपताबाई दारातून बाहेर पडली. दार अस्वलाच्या उलट्या बाजूला होतं. तिला पळत सुटावंसं वाटत होतं, सरळ खळ्यावर, बन्सीधरपाशी, दोन कोस. पण गंध अस्वलाला मिळायला हवा होता. ती झोपडीला वळसा घालून, वारा तिच्याकडून अस्वलाकडं जाईल अशी, उघड्यावर चालत गेली. दुपटं आणि गाठोडं पोटाशी धरलेलं. वीस पावलं. तीस. मग वळली.

अस्वल कुडात अर्धं डोकं घालून उभं होतं. त्यानं डोकं मागं काढलं. नाक वर केलं. आणि ते तिच्याकडं वळलं.

दिसायला ते बेंगरूळ होतं, कुणी जुनी घोंगडी पांघरून चालावं तसं. पण चाललं मात्र भराभर. दहा पावलांवर येऊन ते मागच्या पायांवर उभं राहिलं, आणि तिला त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा दिसला आणि नखं दिसली. आश्रुबाचा गाल तिच्या डोळ्यांपुढं आला. तिला गाठोडं टाकायचं होतं, पण बोटंच उघडेनात. आतलं तिचं मन अजून हिशेब करत होतं, हे ताट तिचं हाय, हे सटवाईचं हाय.

"वैनी." आवाज मागून आला, अगदी हळू, घरात कुणी निजलेलं असताना बोलावं तसा. "पळू नका. त्याच्या डोळ्यात बघू नका. खाली ठेवा ते. आन मागं मागं या. माझ्याकडं."

ती वाकली. दुपटं खाली अंथरलं, त्यावर गाठोडं सोडून पाचही लाडू मांडले. हातांना सवय होती म्हणून मांडले, पाटावर मांडावेत तसे. आणि तोंडातून निघून गेलं, "घे माय. जेव."

मग ती मागं सरत गेली, सरत गेली, आणि आश्रुबाच्या पसरलेल्या हातावर तिची पाठ टेकली. त्याच्या दुसऱ्या हातात शेकोटीतलं जळतं लाकूड होतं. त्यानं तिला आपल्यामागं घेतलं. दोघं उभे राहिले आणि अस्वल खात राहिलं. पाच लाडू खाल्ले, धडपं चघळलं, दुपटं चोखून चोखून त्याच्या चिंध्या केल्या. मग जणू काही झालंच नाही असं डोंगराकडं निघून गेलं.

धुरपताबाई मट्‌कन खाली बसली. आश्रुबाही बसला. पळत येताना त्याचा पंचा गळ्यात उतरला होता, आणि वर घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं.

"उशाला व्हते?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

त्यानं डोंगराकडं बघितलं. "मोहळ न्हवतं, वैनी," तो म्हणाला.

"आं?"

"माझं म्हनतो मी. मोहळ न्हवतं. ताप येऊन गेल्ता मला. मायनं मलिदा बांधून दिला, तूप-गुळाचा. म्हनली, रानात खा, ताकद येईल. मी म्हनलं, सकाळी खावं. मुंग्या लागतील म्हनून उशाला घेऊन निजलो. त्याला मलिदाच पायजे व्हता. माझं तोंड मधी आलं."

"मंग ते मोहळाचं...?"

"घरी आलो तर माय इचारायली, कसं झालं रं? मी काय सांगू? तुझ्या मलिद्यानं झालं म्हनू? म्हनलं, मोहळ झाडायला गेल्तो. पुढं ती पंचवीस वर्सं जगली. रोज ह्या तोंडाकडं बघून मला वाढायची. मला शिव्या द्यायची, कशाला मेल्या त्या मोहळाला हात लावलास म्हनून. देऊ दिल्या." त्यानं हातातलं लाकूड मातीत विझवलं. "खरं कळलं असतं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता."

धुरपताबाईला हुंदका आवरेना. तुम्हाला काय कळेल, असं ती याला म्हणाली होती. याच माणसाला म्हणाली होती.

तोवर तळ जागा झाला होता. मोडलेला कुड, दुपट्याच्या चिंध्या आणि पावलं बघून बायकांनी गलका केला. माणिकराव पाटील तावातावानं आले. "आश्रुबा! आठ दीस आमच्या तोंडचं काढून वर टांगायलास, आन जनावर झोपडीत! मंग तुझी मोट कशाला?"

आश्रुबानं पंचा तोंडावर ओढून घेतला. "माझी चूक झाली, मालक. एक टोपली वर घ्यायची राहिली माझ्याच्यानं."

धुरपताबाईनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"एक राहिली म्हंजी उद्या चार राहतील," कस्तुराबाई म्हणाल्या. "आपलं आपल्यापशी बरं. सोडा ती टोपली आमची." झालं, तेवढं निमित्त पुरे होतं. नाडा सुटला, टोपल्या खाली आल्या, जो तो आपली चिंधी ओळखून टोपली काखेत मारून झोपडीकडं निघाला. कुणाच्या टोपलीत गूळ, कुणाच्यात तिळाची चटणी, कुणाच्यात शेंगदाण्याचे लाडू. आणि प्रत्येक झोपडीत दोन-तीन पोरं.

धुरपताबाई बघत राहिली. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. आश्रुबानं तिची अब्रू झाकली होती, आणि त्याच्या अंगवळणी पडलेलंच होतं ते. बोललं, तर बातमी चार दिवसांत लेकीच्या सासरी जाणार. आजीनंच नातू अस्वलापुढं ठेवला, म्हणतील. कावेरीला पुन्हा माहेरी पाठवणार नाहीत, लेकराचं तोंड दिसणार नाही. समोरून कस्तुराबाईंची नात टोपलीतला गुळाचा खडा चोखत झोपडीत शिरली.

"थांबा," धुरपताबाई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती उठली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबा म्हनते ना! मोट चुकली न्हाई. आश्रुबा भावजीनं काईच चुकवलं न्हाई. लाडू मी ठेवले व्हते. सटवाईचे. लेकराच्या उशाखाली, मी, माझ्या हातानं. त्यांना पिठाचे गोळे देऊन फसवलं. फोडून बघा त्या ताटातले."

कुणीतरी खरंच फोडून बघितला. पीठच होतं. दारात कावेरी लेकराला घेऊन उभी होती, तिनंही ऐकलं. कस्तुराबाईंनी तोंडाला पदर लावला, पण पाटलांनी त्यांच्या काखेतली टोपली घेतली आणि लिंबाकडं चालू लागले. त्यांच्यामागं एकेक जण वळला.

धुरपताबाई झोपडीपाशी गेली. कावेरीच्या हातातून तिनं लेकरू घेतलं, फाटक्या पदरात गुंडाळलेलं. आणि उजव्या-डाव्या कुणाकडं न बघता ती आश्रुबापुढं येऊन बसली.

"भावजी, मांडी घाला."

आश्रुबा मागं सरला. त्यानं पंचा आणखी वर ओढला. "नगं वैनी. पाचवीचं लेकरू. भ्यायचं ते."

"त्याला काय कळायलंय? भ्याले व्हते ते मी."

तिनं हात पुढं करून पंचा त्याच्या तोंडावरून काढला. आश्रुबानं डोळा मिटून घेतला. लेकराला दुपटं उरलंच नव्हतं. तिनं तोच पंचा त्याच्या मांडीवर अंथरला आणि लेकरू त्यावर ठेवलं.